दोनपैकी पहिले ठिकाण

अहवालावर सही करून तीन दिवस झाले होते, तरी माझी बोटे कीबोर्ड नसतानाही त्याच दोन कळा दाबत होती. जेवणाच्या टेबलावर, बसच्या खिडकीच्या काचेवर, दात घासताना आरशाच्या कडेवर. डाव्या करंगळीने कंट्रोल, उजव्या करंगळीने चौकोनी कंस. पुन्हा कंट्रोल, पुन्हा कंस. ही सवय आहे, सूचना नव्हे, असे मी स्वतःला बजावत होतो. शरीराच्या वळवळीतून सत्य बाहेर पडते असे मानणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही. बोटे हलतात यावरून स्नायूंना सराव आहे, इतकेच सिद्ध होते.

तरीही चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाण्याऐवजी मी ताईच्या घरी गेलो.

मी लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅम तपासतो. ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, त्याच कंपनीत बावीस वर्षे मेकॅनिक आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या देखभालीतली एक लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या सात सेंटिमीटर खाली थांबली आणि तिचे दार उघडले. त्या मजल्यावरच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या एक बाई बाहेर पाऊल टाकताना उंबऱ्याला अडखळल्या आणि त्यांचे मनगट मोडले. चौकशी बसली. दोष तीनच ठिकाणी असू शकत होता: यंत्रात, प्रोग्रॅममध्ये किंवा देखभालीत. यंत्र तपासले, ते ठीक निघाले. प्रोग्रॅम मी तपासला, तोही ठीक निघाला. उरले काय, हे कळायला समितीची गरज नव्हती. आज दुपारी तीन वाजता बैठक होती आणि तिच्यात भाऊजींचा परवाना रद्द होण्याची चिन्हे स्पष्ट होती. परवाना गेला की या कंपनीच्याच काय, कुठल्याच लिफ्टला त्यांना हात लावता येणार नव्हता.

नाते मी लपवले नव्हते. काम माझ्याकडे आले त्याच दिवशी विभागप्रमुख बाईंना जाऊन सांगितले. त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण सख्ख्या वडिलांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही तू चूक काढशील, अशी तुझी ख्याती आहे. कर तूच." ख्याती हा शब्द मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत होतो, हे नमूद केले पाहिजे.

ताई भाऊजींच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आलास? बस. चहा टाकला असता, पण आतून येत नाहीये अजून."

"नको मला."

"आग्रह केलाच नाही मी."

"भाऊजी कुठे आहेत?"

"हत्यारं परत करायला गेलेत. परवाना तीनला जायचाय आणि हा माणूस सकाळी आठला पाने मोजून देतोय. म्हणे, माझ्यामागे कुणी शोधत बसायला नको." तिने कॉलर उलटी केली. "तू ते सगळं वाचलंस ना रे?"

"वाचलं."

"पानन् पान?"

"ताई, त्याला पानं नसतात. ओळी असतात. छत्तीस हजार."

"आणि छत्तीस हजार ओळी तू दोन दिवसांत वाचल्यास?"

"सगळ्या वाचत नाहीत. एखादं नाव आलं की त्याच्यावर कर्सर ठेवून कळ दाबायची. ते नाव जिथे मुळात लिहिलंय तिथे थेट उडी बसते. तिथलं वाचायचं आणि दुसरी कळ दाबून होतो तिथे परत यायचं. म्हणजे लागतं तेवढंच वाचून होतं."

"म्हणजे उड्या मारल्यास."

"त्याला उडीच म्हणतात."

"लहानपणी गोष्टीची पुस्तकंही अशीच वाचायचास तू. पहिलं पान, शेवटचं पान, आणि आईला सांगायचं, झालं वाचून."

 गोष्टीच्या पुस्तकाची उपमा इथे लागू पडत नाही, हे तिला समजावण्यात अर्थ नव्हता.

"भाऊजींचा पत्रा हलला असेल ताई," मी म्हणालो. प्रत्येक मजल्याजवळ लिफ्टच्या मार्गात एक पत्रा बसवलेला असतो. डब्यावरचा सेन्सर तो पत्रा पाहून डबा मजल्याच्या किती वर किंवा खाली आहे ते सांगतो. पत्रा नीट बसवणे हे मेकॅनिकचे काम. "माणसाच्या हातून होतं कधी कधी."

"ते म्हणतात, फरक चार मिलिमीटरच होता. वहीतही तसंच लिहिलंय."

"वहीत काहीही लिहिता येतं."

तिने इस्त्री उभी ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "एकवीस वर्षं झाली लग्नाला. माझं वरण खारट झालं तर हा माणूस पाहुण्यांसमोर खारट म्हणतो. तो चार म्हणाला तर चार."

"हा पुरावा नाही."

"पुरावा तू दे. मी फक्त सांगतेय." शर्ट हँगरला लावून तिने माझ्या हातात दिला. "ते बारापर्यंत तुझ्याकडे येतील. हा घालून बैठकीला जायचं म्हणावं. मळक्या कपड्यांत गेले की आधीच चूक कबूल केल्यासारखं दिसतं."

बसमध्ये मी तो शर्ट हात वर करून धरला होता. दुसरा हात मोकळा होता. त्याची करंगळी खिडकीच्या काचेवर कंस दाबत होती.

माझ्या टेबलावर माउस नाही. ही फुशारकी नव्हे, निव्वळ हिशेब आहे. कीबोर्डवरून हात उचलून माउसपर्यंत न्यायचा, बाण शोधायचा, नेमका नेऊन ठेवायचा आणि हात परत आणायचा, यात दोन-अडीच सेकंद जातात आणि विचाराचा धागा तुटतो. माझ्या एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वाचण्या-लिहिण्याच्या साधनात, प्रत्येक हालचालीला कळ आहे. एक शब्द पुढे, एक परिच्छेद खाली, उघडणाऱ्या कंसावरून त्याच्या बंद होणाऱ्या जोडीदारावर, या नावाच्या पुढच्या उल्लेखावर. सर्वांत मोलाची कळ म्हणजे व्याख्येकडे नेणारी: कंट्रोल आणि चौकोनी कंस. प्रोग्रॅममधल्या सर्व नावांची एक सूची एडिटर बनवून ठेवतो. तुम्ही नावावर उभे राहून कळ दाबली की सूचीत पाहून तो तुम्हाला मूळ जागी नेतो. दार उघडण्याच्या आज्ञेपासून सेन्सरच्या आकड्यापर्यंत मी सात कळांत पोहोचत असे. नव्याने लागलेल्या सहकाऱ्यांना हे मी करून दाखवत असे आणि ते तोंडात बोट घालत.

त्या सकाळी मी तोच प्रवास पुन्हा केला. अपघात झालेली लिफ्ट ज्या नव्या मॉडेलची होती, त्याची मुख्य फाइल उघडली. दार उघडण्याची आज्ञा. तिच्या आधी "डबा मजल्याशी समतल आहे का" ही तपासणी. तपासणीच्या नावावर उडी. तिथे सेन्सरला ताजा आकडा मागितलेला; आकडा येईपर्यंत थांबलेले; एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डबा पुन्हा हलवून सारखा केलेला; मगच दार. निर्दोष. परत. पुन्हा उडी. निर्दोष. मी हे चार वेळा केले आणि चारही वेळा निकाल तोच आला. बिघडलेल्या उपकरणाने एकच प्रयोग चार वेळा केला तर निकाल चारही वेळा तोच येतो, हे वाक्य मी इतरांना ऐकवत आलो आहे. मला ते त्या वेळी आठवले नाही.

उठलो, पाणी प्यालो, पुन्हा बसलो. खुर्चीची उंची वाढवली, कमी केली. हँगरला लटकलेला शर्ट पंख्याच्या वाऱ्याने वळून वळून माझ्याकडे पाठ करत होता.

बाराला पाच कमी असताना भाऊजी आले. कपड्यांना ग्रीसचा वास, खिशात फक्त मोजपट्टी उरलेली.

"काय शास्त्रज्ञ," ते म्हणाले. मी शाळेत असल्यापासून ते मला असेच हाक मारतात. "टेबलावर उंदीर पाळायचा नाही हे व्रत चालूच का अजून?"

"बसा भाऊजी. ताईनं शर्ट दिलाय."

"पाहिला. इस्त्री एवढी कडक आहे की मी नाही गेलो तरी शर्ट जाऊन बैठकीत बसेल." ते स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. "एक मागू का? कशामुळे परवाना जातोय ते मला एकदा दाखव. वाचता येणार नाही मला. पण बघू दे. नियमात बसतं ना?"

"बसतं. तुमचा हक्कच आहे."

मी मुख्य फाइल उघडली. "ही दाराची आज्ञा. ही त्याआधीची तपासणी." कंट्रोल, कंस. "ही तपासणीची व्याख्या. इथे सेन्सरला विचारतो. इथे थांबतो. इथे..."

"थांब, थांब. केवढ्यानं पळतोयस. पोटात गोळा आला." त्यांनी पडद्याकडे मान पुढे केली. "पुन्हा कर. सावकाश."

मी पुन्हा केले. पडदा क्षणात बदलला.

"आता कुठे आलो आपण?"

"समतल तपासणीच्या व्याख्येवर."

"ते झालं. कुठल्या मजल्यावर?"

"म्हणजे?"

"अरे, दार उघडलं की मी आधी वर बघतो, आकडा काय आहे. मग खाली बघतो, उंबरा सारखा आहे का. मग पाय. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी. कारण इमारतीत सगळे मजले सारखे दिसतात. तेच दार, तीच फरशी, तीच कुंडी. चुकीच्या मजल्यावर उतरून मी एकदा अख्खं पॅनल खोललं होतं. चांगल्या लिफ्टचं." ते स्वतःशीच हसले. "तुझ्या या डब्यात आकडा कुठे दिसत नाही."

"असतो. अगदी खालच्या ओळीत असतो. कुठली फाइल, कितवी ओळ, सगळं येतं. मी ती ओळ झाकून ठेवलीय."

"का?"

कारण मला तोंडपाठ होते, पण त्यांच्यासमोर ते म्हणताना मी अडखळलो. "तिच्यामुळे दोन ओळींची जागा जाते. ती झाकली की पडद्यावर प्रोग्रॅमच्या दोन ओळी जास्त मावतात."

"कधीपासून?"

"बारा वर्षं झाली असतील."

"दोन ओळींसाठी मजल्याचा आकडा काढून टाकलास तू."

"मी कुठे आहे ते मला माहीत असतं, भाऊजी."

"मलाही असतं," ते म्हणाले. "तरी बघतो."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी वाद घातला असता. ती ओळ परत आणण्याची आज्ञा मला आठवेना. मदतीच्या पानावर जाऊन शोधावी लागली. ओळ आली. मी मुख्य फाइलवर परत गेलो. खाली फाइलचे नाव दिसले आणि नावाआधी नव्या मॉडेलच्या फोल्डरचे नाव. बरोबर. मग कंट्रोल, कंस.

वरचा मजकूर तोच आला, जो मी पहिल्यापासून पाहत होतो. खाली मात्र डाव्या बाजूला जुन्या मॉडेलच्या फोल्डरचे नाव होते आणि उजव्या बाजूला एडिटरने बारीक अक्षरांत लिहिले होते: दोनपैकी पहिले ठिकाण दाखवत आहे.

मी त्या अक्षरांवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. 

"काय झालं?" भाऊजींनी विचारले.

"मी जुन्या मॉडेलचा प्रोग्रॅम वाचला."

"नव्या लिफ्टसाठी?"

"हो." मला सांगावे लागले आणि सांगताना ते किती साधे आहे हेही ऐकावे लागले. नवे मॉडेल बनवताना कुणीतरी जुन्याची नक्कल करून कामाला सुरुवात केली होती. त्यामुळे दोन्ही फोल्डरांत तीच फाइलनावे, तीच तपासणी, तिचे तेच नाव. सूचीत त्या नावापुढे दोन ठिकाणे होती. एडिटर पहिल्या ठिकाणी नेतो आणि दुसरेही आहे असे सांगतो. तो दर वेळी सांगत होता. सांगण्याची जागा मी झाकली होती.

"आणि दुसरं ठिकाण?"

त्यालाही एक कळ आहे. मी ती दाबली. पडदा हलल्यासारखाही वाटला नाही, इतकी दोन्ही पाने सारखी होती. तेच दार, तीच फरशी. मी कळांना हात न लावता ओळ ओळ वाचत गेलो आणि चौदाव्या ओळीखाली सहा ओळी अशा सापडल्या, ज्या जुन्या पानावर नव्हत्या. सेन्सरचा आकडा दोन दशांश सेकंदांत आला नाही, तर थांबू नये. मागच्या वेळचा आकडा वापरावा. शेजारी कुणीतरी टीप लिहिली होती: दार लवकर उघडते.

"वाच की मोठ्यानं."

मी वाचले.

भाऊजींनी मोजपट्टी खिशातून काढली, थोडी बाहेर ओढली, पुन्हा आत जाऊ दिली. "म्हणजे तिसऱ्या मजल्यावर सेन्सरनं उत्तर द्यायला उशीर केला."

"हो. सेन्सरवर धूळ बसली तरी होतं तसं."

"आणि यानं दुसऱ्या मजल्यावरचं उत्तर वापरलं. तिथे लिफ्ट सारखी होती."

"म्हणून डबा होता तिथेच थांबवला आणि दार उघडलं."

"आणि माझा पत्रा?"

"पत्र्याला कुणी विचारलंच नाही."

त्यांनी त्या सहा ओळींवरून एकदा बोट फिरवले. मी त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेची खूण शोधत होतो, कारण ती मिळाली असती तर मला बरे वाटले असते. पण ते फक्त थकलेले दिसले. "सही करताना हे माझ्या मुळावर येणार हे माहीत होतं ना तुला?"

"होतं."

"हात थरथरला?"

"नाही."

"हं. मोजमाप बरोबर वाटत असेल तर थरथरू नयेच." ते उठले आणि हँगर उचलला. "कुठे बदलू हा?"

ते गेल्यावर मी विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी सर्व ऐकले, पेनाचे टोपण काढले, लावले. "तीनला अजून वेळ आहे. सुधारित अहवाल दे. 'फेरतपासणीत नवी बाब आढळली.' एवढं पुरेल. मेकॅनिक सुटेल, काम झालं."

"पण पहिल्या तपासणीत का आढळली नाही, ते?"

"कुणी विचारलं तर सांग."

हा मार्ग खोटा नव्हता. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते. मी टेबलावर परत येऊन ते वाक्य लिहिले, आणि खाली मोकळ्या जागेत कर्सर लुकलुकत राहिला. भाऊजी सुटले असते, यात शंका नव्हती. पण वाक्य जसेच्या तसे ठेवले तर पहिला अहवाल ही एक सामान्य चूक ठरत होती आणि पत्र्याच्या नोंदीवर मी घेतलेला संशय मागे कुठेतरी तसाच राहत होता. पहिल्या वेळी शंका मी कुणावर घेतली आणि कुणावर घेतली नाही, हे त्या वाक्यात कुठेच येत नव्हते. मी ते पुसले आणि घडले तसे लिहिले. दीड पान झाले.

बैठकीत तिघे होते: विभागप्रमुख बाई, देखभाल विभागाचे साहेब आणि परवाना खात्यातून आलेले निरीक्षक. भाऊजी भिंतीलगतच्या खुर्चीवर ताठ बसले होते, शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून. मी एडिटर पडद्यावर लावला आणि उडी मारून दाखवली. खालच्या ओळीवर बोट ठेवले. मग दुसरे ठिकाण, मग त्या सहा ओळी.

निरीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "ही ओळ तुम्ही झाकून ठेवली होती?"

"हो."

"किती वर्षं?"

"बारा."

"या काळात तुम्ही सही केलेले अहवाल?"

"एकेचाळीस."

"त्यातले किती चुकीचे असतील?"

"माहीत नाही."

"अंदाज?"

"अंदाज करायला माझ्याकडे काही आधार नाही," मी म्हणालो. खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. इतक्या वर्षांत हे वाक्य मी दुसऱ्यांच्या दाव्यांबद्दल अनेकदा उच्चारले होते.

चारला वीस कमी असताना निर्णय झाला. भाऊजींचा परवाना कायम राहिला आणि त्यांच्या नोंदवहीतली चार मिलिमीटरची नोंद ग्राह्य धरली गेली. त्या मॉडेलच्या सर्व लिफ्ट, त्या सहा ओळी काढून टाकेपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश निघाला. माझा सही करण्याचा अधिकार थांबवला गेला. एकेचाळीस अहवाल मी पुन्हा तपासायचे आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या माणसाने शेजारी बसायचे.

बाहेर आल्यावर भाऊजींनी ताईला फोन लावला. "राहिला," एवढेच म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

"ऐकलं," ताई म्हणाली. "आणि तुझं?"

"एकेचाळीस अहवाल परत बघायचेत."

"या वेळी पानन् पान वाच."

"त्याला पानं नसतात, ताई."

"बरं. संध्याकाळी ये. चहा टाकते."

आम्ही लिफ्टपाशी उभे राहिलो. भाऊजी हत्यारे परत घ्यायला तळमजल्यावर निघाले होते. मी त्यांना सोडायला म्हणून उभा होतो, खरे तर टेबलाकडे जायला पाय वळत नव्हते. लिफ्ट आली, दार उघडले. भाऊजींनी वर आकड्याकडे पाहिले, खाली उंबऱ्याकडे पाहिले आणि पाऊल आत टाकले. मीही पाहिले. उंबरा सारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला अहवाल उघडला, अकरा वर्षे आणि सात महिन्यांपूर्वीचा. शेजारी चाचणी विभागातला एक कंटाळलेला सहकारी बसला होता. मी खाली जाण्याची कळ दाबत एकेक ओळ उतरू लागलो. पडद्यावर दोन ओळी कमी मावत होत्या. तीनशेव्या ओळीच्या आसपास एक नाव आले आणि मी काही ठरवायच्या आत करंगळ्यांनी उडी मारली.

"कुठे गेलात?" सहकारी म्हणाला.

"थांबा," मी म्हणालो आणि खाली पाहिले.